वाढणारीचं ताट

कोलकात्याच्या बागबाजारात येऊन 'सहस्रबुद्धे कुठे राहतात' असं विचारलंत, तर कोणी सांगणार नाही. ते आडनाव बंगाली जिभेला पेलत नाही आणि ती जीभ फारसा प्रयत्नही करत नाही. पण 'नलिनीदी, जिच्याकडे रविवारी मराठी पोरं जेवायला येतात' एवढं म्हणा. पानवाला, इस्त्रीवाला, मिठाईच्या दुकानात गल्ल्यावर बसलेला म्हातारा, सगळे एकाच जिन्याकडे बोट दाखवतील. शेजारचे घोषबाबू तर रविवारी सकाळी पोरांचा घोळका गल्लीत शिरला की गॅलरीतून बंगालीत हाक मारतात, "नलिनी, तुझे बर्गी आले." ज्या बर्गींच्या, म्हणजे मराठा स्वारांच्या, धाकानं या शहरानं एके काळी इथूनच खंदक खणायला घेतला, त्यांच्या मुलुखातली पोरं आता पाठीवर लॅपटॉपच्या पिशव्या अडकवून वरणभात खायला येतात, याची घोषबाबूंना अजून गंमत वाटते.

नलिनीचा जन्म याच शहरातला. आजोबा विमा कंपनीत नोकरीला म्हणून आले आणि परत जायचं राहूनच गेलं. नवरा गजानन गार्डन रीचच्या रेल्वे ऑफिसातून निवृत्त झालेला, वर्तमानपत्र वाचण्यात सकाळ आणि त्यावर चिडण्यात दुपार घालवणारा. एकुलती एक मुलगी लीना हैदराबादला असते आणि तिच्या घरात गॅस फक्त चहासाठी पेटतो. सगळ्या जगाला स्वयंपाक शिकवणाऱ्या बाईची लेक फोनवर जेवण मागवते, हे गजानन आल्यागेल्याला मुद्दाम सांगतो. नलिनी मग त्याचा चहा जरा उशिरा करते.

हा रविवारचा प्रकार सुरू झाला तो सुयशपायी. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला एक उंचच उंच पोरगा आला, पंगतीत बसला आणि वरणभात पुन्हा पुन्हा घेत राहिला. वाढता वाढता नलिनीनं बघितलं, तर त्याच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि तो खाली मान घालून जेवत होता. तिनं त्याला बाजूला घेतलं तेव्हा कळलं, की विद्यापीठाच्या होस्टेलवर मेसमध्ये मासा असतो, मासा नसेल तेव्हा त्याला नाव माहीत नसलेली भाजी असते, आणि हे काय आहे असं विचारायची लाज वाटते म्हणून हा पठ्ठ्या दोन मिनिटांच्या नूडल्स आणि बिस्किटांवर जगतोय.

नलिनीला दया यायच्या आधी राग आला. तिचं तसंच आहे. "इतकं शिकलात," ती म्हणाली, "आणि स्वतःच्या पोटात काय घालायचं ते कळत नाही? रविवारी घरी ये. आणखी कोणी असे असतील तर त्यांना पण आण."

आणखी कोणी होतेच. मग ते दर रविवारी येऊ लागले. कोणी दक्षिणेकडच्या विद्यापीठातून मेट्रोनं, कोणी हावड्याच्या कॉलेजातून लाँचनं. नलिनीचा शिकवण्याचा एकच नियम होता: अन्नाला घाबरायचं नाही. फोडणीत मोहरी तडतडली की सुयश दारापर्यंत मागे जायचा. त्याला तिनं हाताला धरून परत आणलं. ती त्यांना लाल शाक, म्हणजे आपला लाल माठ, निवडायला शिकवायची, पटोल म्हणजे आपला परवरच हे सांगायची, मेसमधलं शुक्तो, ती कारलं घातलेली कडू भाजी, नाक मुरडण्याआधी एकदा नीट चाखायला लावायची. "जिथं राहता तिथलं पिकतं ते खायचं," ती म्हणायची. "तळण कमी, साखर कमी, मैदा तर नकोच. आणि बसून खायचं, मोबाइल पालथा ठेवून." पोरं आधी हसली. मग हळूहळू होस्टेलच्या खोल्यांतून कुकरच्या शिट्ट्या ऐकू येऊ लागल्या. ज्याला वरणभाताचा कुकर लावता येतो तो कुठंही तगतो, असं नलिनीचं तत्त्वज्ञान होतं आणि पोरं तगत होती.

निघताना प्रत्येकाला डबा मिळायचा. तो पुढच्या रविवारी परत यायचा, बहुतेक वेळा न घासलेला, एकदा तर आत सुयशचा मोजा सापडला. रिकामा डबा कोणाच्या घरी परत देऊ नये, चिमूटभर साखर तरी घालावी, हे नलिनीच्या आईनं तिला शिकवलं होतं. पोरांना तिनं ते सांगून पाहिलं आणि नाद सोडला.

मग वैदेही आली.

भुसावळची. वडील बँकेत, आई वृषाली शाळेत शिक्षिका. भूगर्भशास्त्राच्या एम.एस्सी.ला प्रवेश मिळालेली, चेहरा गोल, केस तेल लावून चापून बांधलेले. पहिल्या रविवारी ती कशालाच हात लावेना. इथलं पाणी वेगळं, तांदूळ वेगळा, मोहरीच्या तेलाचा वास वेगळा. नलिनी हसली, कारण अशी भित्री पोरंच तिला आवडायची. दिवाळीपर्यंत वैदेही सगळ्यांत तरबेज झाली. काकडी चोचवायची ती अशी, की कोशिंबिरीत एकही तुकडा मोठा सापडायचा नाही. आणि तिनं आणलेला डबा कधी रिकामा नसायचा. कधी आत साखर, कधी एक लिंबू, कधी हातभर अंतरावरून वास येणारी चार मोगऱ्याची फुलं. नलिनी डबा उघडायची आणि गजाननला दाखवायची. "बघा. याला म्हणतात वळण."

थोड्याच दिवसांत वाढायचं काम आपोआप वैदेहीकडे गेलं. पदर नसला तरी ओढणी खोचून ती पानं मांडायची: वर मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधे भाताची मूद. मग आग्रह करकरून वाढायची. "सुयश, अजून एक पोळी. घे रे, पातळ आहे." सगळ्यांचं होईपर्यंत ती उभीच असायची. कोणी म्हणालंच, की तूही बस, तर म्हणायची, "वाढणारीनं मागून बसायचं असतं." नलिनीच्या घरात तिच्या आईपासून हेच चालत आलेलं. वाढणारी मागून बसते, आणि ती बसते तेव्हा बाकीचे हात धुऊन गप्पांना लागलेले असतात. ती काय जेवली, किती जेवली, हे बघायला कोणी उरत नाही. आपल्याकडे शेकडो वर्षं कोणी बघितलेलं नाही. तिथं नलिनीला तरी का नावं ठेवावीत?

हिवाळा लागला तशी वैदेही उपास करू लागली. आधी सोमवार. मग गुरुवार. मग संकष्टी, एकादशी. नलिनीला आनंद झाला. एकादशी, दुप्पट खाशी असली तिची उपासाची कल्पना नव्हती, पण घरात उपास करणारं कोणी असलं की साबुदाणा भिजवायला, दाण्याचं कूट करायला हुरूप येतो. ती उपासाच्या दिवसांचे डबे वेगळे करून द्यायची, वऱ्याचे तांदूळ, आमटी, रताळ्याचा कीस. वैदेही डबा दोन्ही हातांनी घ्यायची.

पौष महिना आला आणि एका रविवारी वैदेहीनं पान वाढता वाढता सांगितलं, "मावशी, मी पौषातले आदित्यवार धरलेत. आज माझं नाही."

आदित्यवार. नलिनीच्या सासूबाई करायच्या तो रविवारचा उपास. त्या गेल्यापासून या घरात कोणी त्याचं नावही काढलं नव्हतं, आणि इथं कोलकात्यात बसून एक तेवीस वर्षांची मुलगी तो धरते. नलिनीचा ऊर भरून आला. तिनं कपाटातून खण काढला, वैदेहीची ओटी भरली, आणि मग जे केलं ते तिला पुढं फार आठवत राहिलं. तिनं सगळ्या पोरांसमोर वैदेहीच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "शिका हिच्याकडून जरा. जिभेवर ताबा कसा असतो ते." शिवाय संध्याकाळी भुसावळला फोन लावला आणि वृषालीला सांगितलं, की तुमची लेक म्हणजे सोनं आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळातल्या बायकांत वैदेहीचं नाव निघालं ते याच कौतुकानं. बारीक झालीय, छान दिसतेय, असंही दोघी-तिघींनी म्हटलं. त्या वेळी वैदेही खाली बघून हसली. एवढी खूष ती नलिनीला पूर्वी कधी दिसली नव्हती.

फाल्गुनात एका दुपारी जिन्यावर अनोळखी पावलं वाजली. दारात एक मुलगी उभी होती, हातात कापडी पिशवी, घामाघूम. "आंटी, मैं शकुन. वैदेही की रूममेट." ती पाटण्याची होती. आत बोलावलं तरी खुर्चीच्या टोकाशीच बसली आणि पिशवीतून एकेक करून नलिनीचे डबे काढून टेबलावर ठेवू लागली. सगळे घासलेले.

"वैदेही लॅबमध्ये चक्कर येऊन पडली," ती हिंदीत म्हणाली. "आता बरी आहे. सलाइन लावलं होतं. तिनं तुम्हाला सांगू नको म्हटलंय. पण आंटी, मला सांगायलाच हवं. ये सारा खाना मैं खाती थी."

नलिनीला आधी समजलंच नाही.

"उपासाचा पहिला डबा आला तेव्हापासून. ती म्हणायची, मला उपास आहे, तू खा, फेकू नकोस, अन्न आहे. मला वाटलं हिला आवडत नसेल. खिचडी फार छान असायची, आंटी." शकुननं शेवटचा डबा टेबलावर ठेवला. "मेसमध्ये ती मला वाढून द्यायची. सगळ्यांना वाढायची. आम्हाला वाटायचं हिचं झालं असेल."

नलिनी टेबलावरचे डबे बघत बसली. कोणाचा राग करावा ते तिला कळेना. तिनं शकुनला विचारलं, "तू जेवलीस का?" आणि विचारल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ती वैदेहीला घरी घेऊन आली. आठ दिवस इथं राहायचं, असं विचारलं नाही, सांगितलं. वैदेही आली, निमूटपणे. मोठा स्वेटर काढल्यावर तिचे दंड दिसले आणि नलिनी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिली. इतके रविवार ही पोर आपल्या डोळ्यांसमोर ओढणी खोचून वावरत होती. आपण कोशिंबिरीचे तुकडे बघत राहिलो.

मग नलिनीला जे येत होतं ते सगळं तिनं केलं. मऊ भात, त्यावर लिंबाएवढं तूप. मेतकूट. गरम पोळीचा लाडू, लीना आजारी असली की द्यायची तसा. वैदेही समोर बसायची, पान नीट मांडून घ्यायची, लिंबू पिळायची, कोशिंबीर खायची, चटणी चाटायची. डावी बाजू संपायची. उजवीकडचं आणि मधलं नुसतं इकडचं तिकडे व्हायचं. "तूप आहे का यात, मावशी?" ती हळूच विचारायची. "किती घातलंत?" नलिनीनं समजावलं, लाडीगोडी लावली, एकदा आवाज चढवला, मग त्याबद्दल जवळ घेतलं. मीठमोहऱ्या ओवाळून दृष्टसुद्धा काढली. गजानन वर्तमानपत्राआडून बघत होता. एरवी त्यानं यावर दोन वाक्यं नक्की टाकली असती. या वेळी त्यानं वर्तमानपत्र घडी घालून बाजूला ठेवलं.

एका सकाळी दोघी लाल शाक निवडत बसल्या होत्या. नलिनीनं मान वर न करता विचारलं, "उपास देवाचे होते का गं?"

वैदेहीनं हातातला देठ मोडला. "पहिला सोमवार होता," ती म्हणाली. "मग कळलं, की उपास म्हटलं की कोणी आग्रह करत नाही. नको म्हटलं तर सगळे मागे लागतात, मावशी. काय झालं, का नको, थोडं तरी घे. उपास म्हटलं की नमस्कार करतात."

"भूक लागत नाही तुला?"

"लागते ना. खूप लागते. तुमच्या जिन्यात फोडणीचा वास आला की रडू येतं." तिनं हातातली जुडी खाली ठेवली. "पण घास तोंडाशी आला की भीती वाटते. तुम्ही सांगायचात ना, तळण नको, साखर नको, मैदा नको. मी तेवढंच सोडलं होतं आधी. मग मोबाइलवर वाचलं, भात नको. मग पोळीचीही भीती वाटायला लागली. आता कशाची वाटत नाही ते आठवतच नाही."

"अगं, मी ते बिस्किटांवर जगणाऱ्या पोरांना सांगत होते," नलिनी म्हणाली.

"मी पण तिथंच बसले होते," वैदेही म्हणाली. त्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर नलिनीला भांडता तरी आलं असतं.

मोहरीला घाबरणाऱ्याचा हात धरून त्याला शेगडीपाशी आणता येतं. माशाच्या काट्याला घाबरणाऱ्याला काटा काढून दाखवता येतो. या भीतीला धरायला हातच नव्हता. अन्नाला घाबरायचं नाही, हे वाक्य इतकी वर्षं नलिनीच्या तोंडी होतं, ते त्या सकाळी तिला म्हणवेना.

ती वैदेहीला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. बाई शांत होत्या, त्या वैदेहीशी एकटीशी बराच वेळ बोलल्या आणि मग त्यांनी नलिनीला आत घेतलं. हा हट्ट नाही, आजार आहे, म्हणाल्या. रागावून जात नाही आणि लाडानंही जात नाही. मनाचे डॉक्टर, आहाराचे डॉक्टर आणि घरची माणसं, तिघं मिळून बरेच महिने लागतील. बऱ्या होतात मुली, पण वेळेत हात लागला पाहिजे. "तुम्ही तिच्या कोण?" त्यांनी विचारलं. रविवारची मावशी हे काही नातं नव्हतं. "आईला बोलवा," बाई म्हणाल्या.

वृषालीला फोन लावला तेव्हा ती शाळेतून नुकतीच आली होती. नलिनी सांगत गेली आणि पलीकडून 'हं, हं' येत राहिलं. मग वृषाली म्हणाली, "नलिनीताई, तुम्हीच तर सांगितलं होतंत, आदित्यवार करते म्हणून. आमच्याकडे सगळ्याच करतात उपास. मी पण केलेत कॉलेजात. अभ्यासाचा ताण असेल."

"ताण नाही हो. आजार आहे. डॉक्टर म्हणाल्या—"

"आणि एक सांगू का," वृषालीचा आवाज खाली आला, "डॉक्टर-बिक्टर मंडळात कोणाला बोलू नका. दोन ठिकाणी पत्रिका दिलीय. मनाचे डॉक्टर म्हटलं की लोक भलतंच धरतात. परीक्षा संपली की येतेच मी न्यायला. घरी आली की खाईल. आईच्या हातचं खाईल."

नलिनीनं फोन ठेवला. माझ्या हातचं खाईल, असंच तिलाही वाटलं होतं, दहा दिवसांपूर्वी. त्यामुळे वृषालीवर चिडायची सोय नव्हती. गजाननानं पाण्याचा पेला आणून दिला. "वाढणं तुझ्या हातात," तो म्हणाला, "गिळणं तिच्या." लग्नाला इतकी वर्षं झाली होती, त्याचं बरोबर आहे असं तिला फार क्वचित वाटलं होतं, आणि नेमकं आज ते तिला सोसेना.

परीक्षेपर्यंत काही थांबलं नाही. चैत्रात, पहिल्या पेपरालाच वैदेही पुन्हा कोसळली. विभागानं कळवलं, की पालकांनी येऊन घरी न्यावं, परीक्षा पुढच्या सत्रात देता येईल. वृषाली नलिनीच्या घरी आली. लेकीला बघून तिनं दाराच्या चौकटीला हात टेकला, आणि नलिनीला वाटलं, आता ही समजली. पण संध्याकाळपर्यंत वृषाली सावरली आणि बॅग भरू लागली. "सुट्टीत चांगली गुबगुबीत करून पाठवते," ती नलिनीला म्हणाली. नलिनीनं डॉक्टरांचं सगळं पुन्हा सांगितलं, शब्द न शब्द. वृषाली साडीच्या घड्या घालत 'हो हो' म्हणत होती. लहान मुलाला आपण जसं हो हो म्हणतो तसं. आणि पाहुण्या बाईनं हो म्हटल्यावर यजमानीणबाईनं आणखी किती बोलावं, याला आपल्यात मर्यादा असते. नलिनी त्या मर्यादेपर्यंत जाऊन आली.

गाडी दुपारची होती. नलिनीनं पहाटे उठून दुधातल्या दशम्या केल्या, गुळाच्या, प्रवासात टिकणाऱ्या. सोबत बटाट्याची कोरडी भाजी, लिंबाचं गोड लोणचं. तूप घालताना तिचा हात थांबला. घातलं तर ती खाणार नाही. नाही घातलं तर खाल्लेलं अंगी कसं लागणार? शेवटी तिनं अर्ध्या दशम्यांना लावलं आणि अर्ध्या तशाच ठेवल्या, आणि स्वतःच्याच घरात चोरी केल्यासारखं तिला वाटत राहिलं.

हावड्याला सामान उचलायला सुयश आला होता. गाडी लागलेली होती. वैदेही खिडकीशी, वृषाली तिच्या शेजारी बसली, बॅगा सीटखाली गेल्या, सुटायला अजून अवकाश होता. वैदेहीनं डबा मांडीवर घेतला आणि उघडला. नलिनीच्या मनात आलं, डबा उघडला म्हणजे भूक लागली असेल.

वैदेहीनं कागदी ताटल्या काढल्या. एक आईला. दशमी, भाजी, डावीकडे लोणचं. "घे आई, सकाळपासून नुसत्या चहावर आहेस." एक सुयशला, तो नको नको म्हणत असताना. "घे रे, मऊ आहे." समोरच्या सीटवर एक म्हातारं मारवाडी जोडपं होतं, त्यांनाही तिनं विचारलं, आणि त्यांनी संकोचून एकेक घेतली. मग ती खिडकीकडे वळली. प्लॅटफॉर्मवर नलिनी उभी होती. वैदेहीनं दशमीचा तुकडा मोडला, त्यात भाजी घातली, आणि गजातून हात बाहेर काढून तो घास नलिनीच्या तोंडाशी धरला.

"मावशी, तुम्ही उठल्यापासून काही खाल्लं नसेल. मला माहितीय."

ते खरं होतं. त्या मनगटावरची बांगडी कोपरापर्यंत मागे गेली होती. नलिनीनं घास घेतला.

"आता तू," ती कशीबशी म्हणाली.

"हो, घेते ना," वैदेही म्हणाली. "सगळ्यांचं होऊ दे. वाढणारीनं मागून बसायचं असतं."

वृषाली जेवता जेवता हसली आणि समोरच्या म्हातारीला हिंदीत म्हणाली, की हमारी बेटी को सबको खिलाने का बहुत शौक है. म्हातारीनं वैदेहीच्या डोक्यावरून हात फिरवला. नलिनी खिडकीचे गज धरून उभी होती. हिला आत्ता, इथं, सगळ्यांसमोर धरून दोन घास भरवावेत, असं तिच्या मनात आलं. मग डॉक्टरीणबाईंचं बोलणं आठवलं आणि हात तिथंच राहिले. तिला कळत होतं नेमकं काय होतंय, आणि तिथं असलेल्यांपैकी दुसऱ्या कोणालाही कळत नव्हतं, आणि कळून काहीही करता येत नव्हतं.

गाडी हलायच्या जरा आधी वैदेहीनं बाकीच्या दशम्या कागदात बांधून आईकडे दिल्या आणि डबा पुसून, झाकण लावून उतरणाऱ्या सुयशबरोबर परत दिला. "नीट राहा मावशी," ती म्हणाली. "फोन करेन." गाडी गेली. सुयश म्हणाला, "मावशी, टॅक्सी करू?" तिनं नको म्हणून मान हलवली. तिला लाँचनंच जायचं होतं.

लाँच बागबाजारच्या घाटाकडे निघाली. ऊन होतं, गंगेवरून गरम वारा येत होता. डबा मांडीवर होता आणि तो रिकाम्या डब्यासारखा हलका लागत नव्हता. तिनं झाकण काढलं.

आत एक दशमी होती. तूप न लावलेली, चौपदरी घडी घातलेली, वर चिमूटभर साखर. वैदेहीच्या वाट्याची. रिकामा डबा कोणाच्या घरी परत देऊ नये, हे तिनं शेवटपर्यंत पाळलं होतं.

नलिनीला ती दशमी खाववेना. नदीत टाकवेना. शेजारी बसलेल्या बाईनं विचारलं, "दीदी, शरीर खाराप?" तब्येत बरी नाही का, म्हणून. नलिनीनं नाही म्हटलं आणि झाकण लावून टाकलं.

घरी गजानन दारातच उभा होता. "पुरल्या का सगळ्यांना दशम्या?" त्यानं विचारलं.

"पुरल्या," नलिनी म्हणाली. "एक उरली." आणि डबा त्याच्या हातात देऊन ती पाय धुवायला आत गेली.